दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेसाठी कोणता स्नो ब्लोअर घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यूयॉर्क राज्यातील बफेलोच्या उत्तरेला ॲम्हर्स्टमध्ये आपण गेल्या वर्षी घर घेतले. ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट, डांबरी असून ६० फूट लांब आणि १८ फूट रुंद आहे. पहिला हिवाळा आपण फावड्यावर निभावला आणि आता बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र, म्हणजे स्नो ब्लोअर, घ्यायचे ठरवले आहे. आपल्यासमोर दोन पर्याय आहेत: एक बॅटरीवर चालणारे २१ इंची हलके यंत्र आणि दुसरे एका मोठ्या दुकानात सवलतीत मिळणारे ३० इंची पेट्रोलचे यंत्र. आपण कामानिमित्त वरचेवर बाहेरगावी असता, तेव्हा ते आपल्या पत्नीला चालवावे लागेल. शिवाय सत्तरी ओलांडलेले वडील कोणाचे लक्ष नसताना फावडे घेऊन बाहेर पडतात, असे आपण जाता जाता लिहिले आहे; माझ्या मते संपूर्ण प्रश्नात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात ओला बर्फ उचलताना रक्तदाब एकदम चढतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे इथले डॉक्टर दर हिवाळ्यात सांगत असतात. तेव्हा यंत्र असे हवे की ते घेतल्यानंतर फावड्याला हात लावण्याची वेळ शक्यतो येऊ नये.

मी याच भागात लहान इंजिनांच्या दुरुस्तीचे काम बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की, या दोन्हींपैकी एकही न घेता २४ इंच रुंदीचे, साधारण २५० सीसी इंजिनाचे टू स्टेज यंत्र (ज्यात बर्फ उकरणे आणि फेकणे ही कामे दोन वेगळे भाग करतात) घ्यावे, आणि ते दुरुस्तीची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. बहुतेक लोक यंत्र निवडताना ड्राइव्हवेची लांबी-रुंदी मोजतात आणि त्यावरून किती मोठे यंत्र लागेल ते ठरवतात. खरा कस मात्र लागतो तो ड्राइव्हवे जिथे रस्त्याला मिळतो तिथल्या शेवटच्या चार फुटांत, कारण नगरपालिकेचा प्लाउ रस्त्यावरचा सगळा बर्फ ढकलत नेतो आणि त्याचा बांध नेमका आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी घालून पुढे जातो.

हे पटण्यासाठी एक ढोबळ हिशोब मांडतो. आपला ड्राइव्हवे १,०८० चौरस फूट, म्हणजे साधारण १०० चौरस मीटर आहे. त्यावर एक फूट ताजा बर्फ पडला तर तो ३० घनमीटर होतो. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलो धरले तर आपल्याला तीन टन बर्फ हलवायचा आहे. आता तोंडाशी साचलेला बांध पाहा: १८ फूट रुंद, ४ फूट जाड आणि २ फूट उंच, म्हणजे अवघा ४ घनमीटर. परंतु प्लाउने दाबलेल्या, मिठाच्या पाण्याने भिजलेल्या आणि बर्फाचे डिखळे मिसळलेल्या त्या ढिगाचे वजन घनमीटरला सहज ४०० किलोपर्यंत जाते, म्हणजे एकूण १,६०० किलो. आकाराने सातव्या-आठव्या हिश्शाइतका हा ढीग वजनाने मात्र बाकीच्या संपूर्ण ड्राइव्हवेवरील बर्फाच्या निम्म्याहून अधिक भरतो. तो रात्रभर तसाच राहिला तर सकाळी दगडासारखा कडक होतो, आणि वडिलांना फावडे घेऊन बाहेर काढतो तोही हाच ढीग. जे यंत्र याच्यापुढे हार मानते ते उरलेल्या ५६ फुटांत कितीही छान चालत असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

आपल्या गावाच्या हवामानाबद्दलही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण मिनेसोटात राहणाऱ्या मित्राचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बफेलोत वर्षाकाठी सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो आणि त्यातला मोठा वाटा ईरी सरोवराचा असतो. सरोवराचे पाणी अजून उबदार असताना त्यावरून थंड वारा वाहू लागला की वाफ वर चढते आणि किनाऱ्यालगत एका अरुंद पट्ट्यात तुफान बर्फ कोसळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिणेकडील ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला, तेव्हा उत्तरेकडील उपनगरांत त्या मानाने फारच थोडा होता. त्यामुळे दक्षिणेकडच्या सहकाऱ्याला जे यंत्र अत्यावश्यक वाटते ते ॲम्हर्स्टला लागेलच असे नाही. मात्र त्याच वर्षी नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळाने शहराला आणि उत्तर उपनगरांनाही झोडपले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. अशा वादळात कोणतेही यंत्र कामाचे नसते. तेव्हा घरात थांबावे आणि वारा पडल्यावर काम सुरू करावे. एरवी नोव्हेंबर-डिसेंबरचा बर्फ पुष्कळदा ओलसर आणि जड असतो. ईरी सरोवर उथळ असल्याने थंडीच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ते बरेचसे गोठते, सरोवराचा बर्फ कमी होतो आणि जो पडतो तो हलका असतो. यंत्र निवडायचे ते या हलक्या बर्फासाठी नव्हे, तर डिसेंबरातल्या जड बर्फासाठी.

आता यंत्रांच्या प्रकारांकडे वळू. सिंगल स्टेज यंत्रात एकच फिरणारा भाग असतो. त्याला रबरी पॅडल असतात, ते जमिनीला घासत फिरतात, बर्फ उचलतात आणि त्याच झटक्यात वरच्या नळीतून, म्हणजे शूटमधून, बाहेर फेकतात. पॅडल जमिनीला टेकलेले असल्यामुळे डांबर अगदी स्वच्छ होते, यंत्रही थोडेफार आपोआप पुढे ओढले जाते, आणि ते इतके हलके असते की गॅरेजच्या कोपऱ्यात उभे करून ठेवता येते. सहा इंचांपर्यंतच्या बर्फाला यासारखे सुटसुटीत यंत्र नाही, आणि आपला ड्राइव्हवे एका गाडीचा, वीस-पंचवीस फुटांचा असता तर मी निःशंकपणे हेच सुचवले असते. परंतु प्लाउचा बांध समोर आला की रबरी पॅडल त्यात घुसत नाहीत; ते वर चढतात, यंत्राचे तोंड उचलले जाते आणि चालवणाऱ्याला हँडल दाबत, मागे-पुढे करत तो ढीग कुरतडावा लागतो. शेवटी माणूस कंटाळून फावडे आणतो. याच कारणाने आपल्या पहिल्या पर्यायाला, म्हणजे २१ इंची सिंगल स्टेज यंत्राला, मी नकार देत आहे.

टू स्टेज यंत्रात दोन कामे दोन वेगळे भाग करतात. पुढे पोलादी दातेरी ऑगर सावकाश फिरतो, बर्फ फोडतो आणि मध्यभागी आणतो. त्याच्या मागे इंपेलर नावाचा पंखा वेगाने फिरतो आणि आलेला बर्फ शूटमधून दूर भिरकावतो. बर्फ उकरणे आणि फेकणे ही कामे वेगळी करण्याचे हे तत्त्व जुने आहे. कॅनडातील क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली ट्रकवर बसवलेले यंत्र तयार केले आणि १९२७ मध्ये ते मॉन्ट्रियललगतच्या उट्रेमाँ गावाला विकले. आज आपल्या गॅरेजमध्ये मावणारी यंत्रे ही त्याचीच लहान वंशज आहेत. या यंत्रांची चाके इंजिनावर चालतात, म्हणून ढकलण्याचे श्रम नसतात. ऑगर जमिनीपासून थोडा वर असतो, त्यामुळे खडीच्या ड्राइव्हवेवरही ते चालते. त्याचे वजन मात्र ९० ते ११० किलोपर्यंत जाते आणि गाड्या आत असताना त्याला जागा करावी लागते, ही अडचण मान्य केली पाहिजे.

मग २४ इंची का, ३० इंची का नको? आपला ड्राइव्हवे २१६ इंच रुंद आहे. प्रत्येक फेरीत तीन इंच आधीच्या फेरीवर चढवावे लागतात असे धरले तर २४ इंची यंत्राला अकरा फेऱ्या लागतात आणि ३० इंची यंत्राला आठ. तीन फेऱ्या वाचतात, एवढाच रुंदीचा फायदा. त्याची किंमत म्हणजे जास्त वजन, वळवायला जास्त जागा आणि, जे दुकानात कोणी सांगत नाही, तेवढ्याच इंजिनावर जास्त बर्फाचा भार. एरियन्स या कंपनीच्या डिलक्स मालिकेत कित्येक वर्षे २४ आणि २८ इंची अशा दोन्ही यंत्रांना २५४ सीसीचे एकच इंजिन बसवलेले असे. रुंदी वाढली, शक्ती तेवढीच राहिली. ओल्या बर्फात अशा रुंद यंत्राला आपोआपच कमी वेगाने चालवावे लागते आणि वाचलेल्या फेऱ्यांचा वेळ तिथेच खर्च होतो. म्हणून माझे ठाम मत आहे की, हातातले पैसे रुंदीवर न घालवता इंजिनावर घालवावेत. सवलतीतल्या ३० इंची यंत्राचे इंजिन किती सीसीचे आहे ते पाहावे. ३०० सीसीच्या खाली असेल तर ती सवलत आपल्याला महागात पडेल. अरुंद यंत्राला घरापासून पदपथापर्यंत जाणारी पायवाटही साफ करता येते, हा आणखी एक फायदा.

दुकानात गेल्यावर रंग आणि दिवे पाहण्याआधी यंत्राच्या तोंडाशी वाकून बसावे. इंजिन बंद आहे आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी, मग त्याला इंपेलर फिरवून दाखवायला सांगावे. इंपेलरच्या पात्याचे टोक आणि भोवतालचे पोलादी घर यांच्यामध्ये किती फट आहे ते पाहावे. फट जितकी मोठी तितका ओला बर्फ पात्यावरून निसटून मागे राहतो, आणि हळूहळू शूट भिजवलेल्या कणकेने भरावे तसे गच्च होते. पाव इंचाच्या आसपासची फट सर्रास आढळते. जास्त असेल तर पात्यांना रबराच्या पट्ट्या बसवून ती कमी करता येते, आणि ओल्या बर्फाच्या या प्रदेशात हा बदल खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देतो, असा माझा अनुभव आहे. इंपेलरचा व्यास १२ इंच की १४ इंच हेही विचारावे, कारण मोठा पंखा बर्फ दूर फेकतो. त्यानंतर ऑगरच्या मध्यभागी असलेला गिअरबॉक्स पाहावा. तो ओतीव लोखंडाचा असेल आणि त्यात तेल तपासण्याची सोय असेल तर उत्तम. शूट पोलादी असावे असा माझा कल आहे, पण चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकच्या शूटला बर्फ कमी चिकटतो हेही खरे, तेव्हा एवढ्या एका कारणासाठी एखादे यंत्र नाकारू नये. गरम होणारी हँडले ही मला आधी चैन वाटत असे. आता ज्यांना संधिवात आहे त्यांना मी ती अवश्य घ्यायला सांगतो.

आपल्या पत्नीला यंत्र चालवायचे आहे, त्यामुळे वळण्याची सोय हा मुद्दा सविस्तर पाहण्यासारखा आहे. जुन्या धाटणीच्या यंत्रांत दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ड्राइव्हवेच्या टोकाशी शंभर किलोचे धूड अक्षरशः ओढून फिरवावे लागते. असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आता दोन सोयी मिळतात. एकीत हँडलखाली दोन खटके असतात आणि ज्या बाजूचा खटका दाबावा त्या बाजूचे चाक सुटते. टोरो आणि होंडाच्या यंत्रांत अशी व्यवस्था आढळते. दुसरीत आतील यंत्रणाच वळण ओळखून चाकांचा वेग आपोआप बदलते, जशी एरियन्सच्या अनेक यंत्रांत असते. दुसरी वापरायला सोपी आहे, परंतु उंचसखल जमिनीवर किंवा एका बाजूचा तळ (यंत्र ज्यावर टेकते तो बाजूचा लोखंडी पाय) खाली-वर लावलेला असेल तर यंत्र आपल्या मनाने भरकटते आणि चालवणारा वैतागतो. आपला ड्राइव्हवे सपाट डांबरी आहे, त्यामुळे दोन्ही चालतील. मात्र विकत घेण्यापूर्वी पत्नीने स्वतः यंत्र चालवून, किमान बंद इंजिनाने ढकलून आणि वळवून पाहावे. हँडलची उंची तिच्या कमरेच्या बेताची आहे का आणि चाके आणि ऑगर चालवणारे दोन्ही लिव्हर हातमोजे घालून सहज दाबले जातात का, हे दुसऱ्या कोणी सांगून कळत नाही.

वेग बदलण्याच्या यंत्रणेबद्दल थोडक्यात सांगतो. बहुतेक यंत्रांत एका फिरत्या पोलादी तबकडीवर रबरी कडेचे चाक टेकलेले असते. ते मध्यापासून जितके दूर सरकवावे तितका वेग वाढतो, आणि मध्य ओलांडून पलीकडे नेले की यंत्र मागे चालते. ही रचना साधी आहे, रबर झिजले की बदलता येते, आणि घरगुती वापराला ती पुरेशी आहे. होंडाच्या मोठ्या यंत्रांत तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक यंत्रणा असते. तिच्यात वेग अगदी अलगद कमी-जास्त करता येतो, बांध फोडताना मुंगीच्या पावलाने पुढे सरकता येते. यंत्र अप्रतिम आहे, पण त्याला साधारण ३,००० डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात आणि आपल्या ड्राइव्हवेला तेवढ्याची गरज नाही.

बॅटरीच्या यंत्रांविषयी माझ्या धंद्यातील लोक उगाचच नाक मुरडतात. इंजिन सुरू करण्याची कटकट नाही, धूर नाही, आवाज कमी, आणि हंगामाच्या शेवटी पेट्रोल काढून टाकण्याचे कामही नाही, हे सगळे फायदे खरे आहेत. प्रश्न साठवलेल्या शक्तीचा आहे. ५६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत मिळून साधारण ८४० वॉट-तास ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोल जाळून लहान इंजिन ऑगरपर्यंत जेवढे काम पोहोचवते, ते ढोबळमानाने १,८०० वॉट-तास धरता येईल. म्हणजे त्या दोन बॅटऱ्या मिळून अर्ध्या लिटर पेट्रोलचे काम करतात, आणि २४ इंची यंत्राच्या टाकीत सहसा अडीच-तीन लिटर पेट्रोल मावते. थंडीत बॅटरीची क्षमता आणखी घटते. चार-सहा इंच बर्फाला एका चार्जिंगमध्ये सहज पुरणारे यंत्र दीड फूट बर्फ आणि त्यावर प्लाउचा बांध आला की मध्येच थांबण्याची शक्यता असते, आणि मग पुन्हा चार्ज होईपर्यंत वाट पाहावी लागते. शून्य अंशाखालच्या थंडीत लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, म्हणून त्या गॅरेजमध्ये न ठेवता घरात ठेवाव्या लागतात. पेट्रोलची देखभाल आपल्याला मुळीच जमणार नसेल, तर २१ इंची सिंगल स्टेजऐवजी बॅटरीवरचे २४ इंची टू स्टेज यंत्र पाहावे आणि बॅटऱ्यांचा एक जादा जोड घेण्याची तयारी ठेवावी. त्याची किंमत पेट्रोलच्या यंत्रापेक्षा बरीच जास्त होईल.

पेट्रोलचे यंत्र घेतले तर ते बिघडण्याचे पहिल्या क्रमांकाचे कारण आधीच ऐकून ठेवावे, कारण ते टाळणे संपूर्णपणे आपल्या हातात आहे. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत इंजिन फुटलेले, गिअर मोडलेला अशी यंत्रे थोडी असतात. शिळ्या पेट्रोलमुळे कार्बोरेटर तुंबलेली यंत्रे सर्वांत जास्त असतात. इथल्या पंपावरील पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून तयार होणारा चिकट थर कार्बोरेटरच्या सुईएवढ्या छिद्रात बसतो. एप्रिलमध्ये यंत्र चालू होते, नोव्हेंबरात चालू होत नाही, आणि मालकाला वाटते की यंत्रच टाकाऊ आहे. उपाय सोपा आहे. शक्य असल्यास इथेनॉलविरहित पेट्रोल वापरावे, कॅनमध्ये भरतानाच त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल शिळे होऊ न देणारे रसायन) घालावा, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. गुढीपाडव्याच्या सुमारास ही आठवण करून घेतली तर चालेल, पण एप्रिलातही इथे बर्फ पडू शकतो, म्हणून प्रत्यक्ष काम महिनाअखेरीस करावे. उन्हाळ्यात गवत कापण्यासाठी आणलेले उरलेसुरले पेट्रोल मात्र हिवाळ्यात यात ओतू नये. हिवाळ्यातील पेट्रोल थंडीत लवकर पेट घेईल असे बनवलेले असते, उन्हाळ्याचे तसे नसते.

इंजिन सुरू करण्यासाठी दोरी असतेच. पण यंत्रावर भिंतीतील १२० व्होल्टच्या प्लगला जोडण्याची सोय आहे ना, हे अवश्य पाहावे. ही तार जोडून बटण दाबले की कडाक्याच्या थंडीतही इंजिन चालू होते, मग तार काढून ठेवायची. दोरी ओढताना खांदा दुखावणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. गॅरेजमध्ये यंत्र सुरू करायचेच असेल तर आधी दार पूर्ण उघडावे आणि सुरू होताच ते बाहेर काढावे. इंजिनाच्या धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही येत नाही, आणि जोडलेल्या गॅरेजमधून तो थेट घरात शिरतो. एक गोष्ट अनेकांना चकित करते: स्नो ब्लोअरच्या इंजिनाला बहुधा एअर फिल्टर नसतो. हिवाळ्यात धूळ नसते, आणि फिल्टर असता तर उडालेल्या बर्फाने तो भिजून गोठला असता. म्हणूनच हे यंत्र उन्हाळ्यात धुळीच्या जागी चालवून पाहू नये.

शिअर पिनबद्दल लिहिल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. ऑगरचे दोन्ही भाग त्याच्या दांड्याला एकेका मऊ पिनने जोडलेले असतात. समजा, बर्फाखाली प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले वर्तमानपत्र गोठून पडले आहे आणि ते ऑगरमध्ये गेले. हा इथला सर्वांत नेहमीचा अपघात आहे. त्या क्षणी ऑगर अडकतो, पिन तुटते, एका बाजूचा ऑगर थांबतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पिन तुटणे म्हणजे बिघाड नव्हे. ती तुटण्यासाठीच बनवलेली आहे. तिच्या जागी घरातला एखादा मजबूत बोल्ट घालणारे महाभाग दर वर्षी भेटतात; पुढच्या वेळी बोल्ट तुटत नाही, गिअर तुटतो, आणि काही डॉलरच्या पिनऐवजी शेकडो डॉलरचा खर्च होतो. टोरोच्या काही यंत्रांत कणखर गिअर वापरून पिनांची गरजच ठेवलेली नाही, ही रचनाही चांगली आहे. पिना असलेले यंत्र घेतले तर त्याच कंपनीच्या चार-सहा पिना आणि एक जादा पट्टा (बेल्ट) यंत्रासोबतच विकत घ्यावा, कारण हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी गावात त्या मिळत नाहीत.

खरेदी कधी आणि कोठे करावी? २४ इंची चांगल्या यंत्राला साधारण १,२०० ते १,८०० डॉलर पडतील असे धरून चालावे. मोठ्या साखळी दुकानात तेच यंत्र कधी शंभर-दोनशे डॉलरने स्वस्त मिळते, परंतु तिथे ते जोडणाऱ्याला केबलचा ताण, टायरमधील हवा, शूटचे वळण यांची फिकीर नसते. दुरुस्ती करणारा विक्रेता यंत्र सुरू करून, तपासून देतो, आणि जानेवारीत दुकानाबाहेर बिघडलेल्या यंत्रांची रांग लागते तेव्हा स्वतः विकलेल्या यंत्राकडे तो आधी पाहतो. हे जादा पैसे त्यासाठी द्यायचे. वेळेबद्दल सांगायचे तर सप्टेंबर उत्तम. दिवाळीचा फराळ उरकेपर्यंत थांबलात तर पहिल्या मोठ्या बर्फाशी शर्यत लागेल आणि दुकानात जे उरले असेल ते घ्यावे लागेल. आणखी एक पर्याय प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, जरी त्यात माझ्या धंद्याचा तोटा असला तरी. आपण वर्षातून निम्मा हिवाळा बाहेर असाल आणि पत्नीला यंत्र मनापासून नको असेल, तर ड्राइव्हवे साफ करून देणाऱ्या कंत्राटदाराशी संपूर्ण हंगामाचा करार करावा. बफेलोत निम्मी गल्ली तेच करते. मात्र तो पहाटे येऊन गेल्यावर नगरपालिकेचा प्लाउ पुन्हा बांध घालतो आणि कंत्राटदार दुसऱ्यांदा येईलच असे नाही, हे करार करण्यापूर्वी त्याला स्पष्ट विचारून घ्यावे.

सुरक्षिततेचा एकच नियम मी घरातल्या प्रत्येकाला, वडिलांनाही, पाठ करायला सांगेन: शूट तुंबले तर त्यात हात घालायचा नाही, इंजिन बंद असले तरीही नाही. पट्ट्यात ताण उरलेला असतो आणि अडकलेला बर्फ सुटताच इंपेलर झटक्याने फिरतो. अमेरिकेत दर हिवाळ्यात अनेकांची बोटे अशीच जातात. यंत्रावर खोचलेली प्लास्टिकची काठी त्यासाठीच असते. इंजिन बंद करावे, सगळे थांबू द्यावे आणि काठीनेच बर्फ काढावा. बर्फ फेकताना मुले, गाड्या आणि शेजाऱ्याच्या खिडक्या यांच्यापासून शूट वळवलेले असावे, आणि तो रस्त्यावर कधीही टाकू नये, कारण ते नियमाविरुद्ध आहे. वारा पाठीशी घेऊन ड्राइव्हवेच्या मध्यापासून सुरुवात केली तर बर्फ दोन्ही बाजूंना फेकता येतो आणि तोच बर्फ दुसऱ्यांदा उचलावा लागत नाही. मोठे वादळ असेल तर संपण्याची वाट न पाहता आठ-दहा इंच साचल्यावर एक फेरी मारावी, आणि प्लाउ जाऊन गेला की बांध ताजा असतानाच फोडून घ्यावा.

यंत्र घरी आल्यावर पहिल्या बर्फाआधी एक काम करावे. बाजूंना पायासारखे दोन लोखंडी तळ असतात, त्यांच्यामुळे खालची खरवडपट्टी जमिनीपासून किती वर राहील ते ठरते. यंत्र गॅरेजच्या सपाट फरशीवर ठेवून खरवडपट्टीच्या दोन्ही टोकांखाली पाव इंच जाडीची लाकडी पट्टी सरकवावी, तळांचे नट ढिले करून ते फरशीवर टेकू द्यावेत, मग दोन्ही बाजू सारख्या कसाव्यात. पट्ट्या काढल्या की उंची बरोबर झाली. डांबरासाठी एवढी उंची योग्य आहे. ड्राइव्हवे फरसबंदीचा असता तर मी प्लास्टिकचे तळ लावायला सांगितले असते, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. इंजिनात ५डब्ल्यू-३० तेल पातळीइतके आहे का ते पाहावे, पहिल्या काही तासांच्या वापरानंतर ते बदलावे, आणि त्याच वेळी ऑगरच्या केबलचा ताण पुन्हा तपासून घ्यावा, कारण नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणला जातो आणि बर्फ फेकण्याचे अंतर त्यामुळे कमी झालेले असते.